साताऱ्यातील एका गच्चीवरची भाजीची मांडणी : कास पठाराकडून घेतलेल्या रचनेचा प्रकरण अभ्यास

सातारा शहरात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर पाच माणसांच्या कुटुंबासाठी थोडी तरी भाजी घरची व्हावी, म्हणून आम्ही एक मांडणी तयार केली. आम्ही म्हणजे यंत्ररचना शिकवणारा मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे हे काम चालले. या काळात एक रचना पूर्णपणे मोडीत काढावी लागली, दुसरी तीन वेळा बदलावी लागली, आणि ज्या कल्पनेवर आमचा सर्वांत कमी विश्वास होता तीच अखेरीस सर्वांत उपयोगी ठरली. त्या सगळ्याची नोंद येथे करीत आहे.

घरातील काकूंचे वय ६७ वर्षे आहे. त्यांना बागेची मनापासून आवड आहे, परंतु दोन्ही गुडघे दुखत असल्यामुळे वाकून काम करता येत नाही. काका मूळचे खटाव तालुक्यातील शेतकरी कुटुंबातले आहेत, मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, आणि नात शाळेत जाते. गच्चीवर आधीपासून वीसएक कुंड्या, रंगाचे रिकामे डबे आणि दोन निळी पिंपे होती. नळाला सकाळी ठरावीक वेळच पाणी येई, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यातील जवळजवळ २५ लिटर पाणी रोज या कुंड्यांना जाई. तरीही मे महिन्यात निम्मी झाडे वाळत आणि जुलैत उरलेली कुजत. काकूंनी पहिल्याच भेटीत आपली अट स्पष्टपणे सांगितली. "सर, विजेवर चालणारं काही नको. मोटर बंद पडली की मला कुणाची तरी वाट बघत बसावं लागेल." या एका वाक्याने बाजारात मिळणारे पंपावर चालणारे मनोरे आणि नळ्यांमधून पाणी फिरवणारे संच आमच्या विचारातून बाद झाले.

मधमाशीचे पोळे आणि पहिली चूक

सजीवांच्या रचना आणि त्यांच्या जगण्याच्या पद्धती अभ्यासून त्यांवरून माणसाच्या उपयोगाच्या वस्तू घडवणे, या विचाराला बायोमिमिक्री किंवा जैवअनुकरण म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकन लेखिका जॅनिन बेन्यस यांच्या लेखनामुळे हा शब्द सर्वदूर पोचला. विचार मात्र त्याहून जुना आहे. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्ट्राल यांनी १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे पाहिली आणि त्यांच्या आकड्यांवरून वेल्क्रोची पट्टी जन्माला आली. बेन्यस यांनी या अनुकरणाच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. पहिली आकाराची, दुसरी प्रक्रियेची आणि तिसरी संपूर्ण परिसंस्थेची. मी वर्गात हा विषय शिकवीत होतो आणि तरीही पहिल्या प्रयत्नात पहिल्याच पातळीवर अडकलो.

आम्ही मधमाशीच्या पोळ्यावरून षटकोनी खणांची एक उभी भिंत बनवली. पातळ प्लायवूडचे २४ खण एकमेकांना जोडून, प्रत्येकात माती भरून, त्यांत मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. भिंत देखणी दिसत होती. छायाचित्रे तर फारच चांगली आली. परंतु पुढच्या दोन महिन्यांत वरच्या ओळीतील खण सोडले तर बाकीच्यांत रोपे फिकट आणि लांबट झाली, कारण प्रत्येक खणाचे छत त्यातल्याच रोपावर सावली धरत होते. मुळे कोपऱ्यांत गुंडाळली गेली. वरच्या खणांना दिलेले पाणी जोडांमधून झिरपून प्लायवूड फुगले.

चूक कोठे झाली याचा विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. सारख्या क्षेत्रफळाचे खण पाडायचे असतील तर षटकोनी मांडणीत भिंतींची एकूण लांबी सर्वांत कमी लागते. गणिती टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये याची सिद्धता दिली. मधमाशीला मेण तयार करणे फार महाग पडते, म्हणून कमीत कमी मेणात जास्तीत जास्त मध साठवणे हा तिच्यापुढचा प्रश्न आहे आणि पोळे हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मधाला ऊन लागत नाही, मधाला मुळे फुटत नाहीत, आणि मधातून पाण्याचा निचरा करावा लागत नाही. आम्ही दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर उचलून आमच्या प्रश्नावर चिकटवले होते.

प्रश्न पुन्हा मांडणे

मार्च महिन्यात ती भिंत उतरवल्यानंतर आम्ही काकूंच्या गच्चीवर बसून प्रश्न नव्याने लिहिला. "घरी भाजी कशी पिकवावी" या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते, म्हणून तोच प्रश्न आम्ही निसर्गाला समजेल अशा भाषेत मांडून पाहिला. साताऱ्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतर परतीचा पाऊस आणि वळवाच्या एखाद-दोन सरी सोडल्या तर कोरडे आकाश. जागा उथळ, खाली अभेद्य पृष्ठभाग, वर मोकळा वारा आणि ऊन. अशा जागी, चार महिने बुडवणारे पाणी आणि मग महिनोन्महिने पाण्याचा अभाव, या दोन्हींना एकच वनस्पतीसमूह कसा तोंड देतो? प्रश्न असा लिहून झाल्यावर माझी एक विद्यार्थिनी लगेच म्हणाली, "सर, हे तर कासचं वर्णन झालं."

आणि ते खरेच होते. काँक्रीटची गच्ची म्हणजे एक लहानसे कातळपठारच आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेले की सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर कास पठार लागते. पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतील महाराष्ट्रातील चारांपैकी हे एक. तेथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे. लोक फुलांसाठी जातात, आम्ही मात्र त्या सप्टेंबरात दोन वेळा गेलो ते फुलांच्या खालचे पाहण्यासाठी. काहीही उपटायचे नाही, वाटेवरून उतरायचे नाही, केवळ पाहायचे आणि रेखाटायचे, हा नियम आम्ही पाळला.

पठारावर जांभ्याचा थर आहे आणि त्यावर माती काही ठिकाणी दोन-तीन बोटे, तर काही ठिकाणी हातभर साचलेली आहे. थोडे लक्ष देऊन पाहिले की एक शिस्त दिसू लागते. जेथे मातीचा पापुद्रा आहे तेथे गेंद, सीतेची आसवे यांसारख्या चिमुकल्या वनस्पती असतात, ज्यांचे सारे आयुष्य पावसाळ्याच्या काही महिन्यांत आटोपते. माती जरा वाढली की तेरडा आणि सोनकी येतात. खोलगट, मातीने भरलेल्या भागात कारवीची झुडपे उभी राहतात. कातळातल्या उथळ डबक्यांमध्ये आणखी वेगळीच वस्ती असते. पाणी उंचावरच्या उथळ मातीतून ओसंडून खालच्या खळग्यात येते, तो भरला की त्याच्या काठावरून पुढच्या खळग्यात जाते. कोठेही त्याला अडवलेले नसते आणि कोठेही ते एकदम निघून जात नाही. आमच्या वहीत त्या दिवशी एक शब्द तीन वेळा लिहिलेला आहे : सांडवा.

पायऱ्यांची रचना

या निरीक्षणावरून बनवलेली मांडणी वर्णनाला अगदी साधी आहे. लोखंडी अँगलच्या चौकटीवर तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर बाजार समितीत मिळणारे भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट, असे एकूण सहा. एका क्रेटचा माथा सुमारे ५४ बाय ३६ सेंटीमीटर असतो. वरच्या पायरीचे क्रेट कापून १० सेंटीमीटर खोल ठेवले, मधले १८ आणि खालचे पूर्ण म्हणजे २८ सेंटीमीटर. प्रत्येकाच्या तळाशी ४ सेंटीमीटर उंचीपर्यंत जाड प्लास्टिकचे अस्तर लावून एक उथळ खळगा केला, त्यात विटांचे तुकडे भरले, त्यावर गोणपाट आणि मग माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत यांचे सारख्या प्रमाणातले मिश्रण घातले. खळगा भरला की ४ सेंटीमीटरच्या पातळीवरून जास्तीचे पाणी खालच्या पायरीवर सांडते, आणि शेवटी ३० लिटरच्या झाकणबंद पिंपात जमा होते. पिंपही भरले की उरलेले पाणी गच्चीच्या पन्हळीत जाते. सर्वांत वरची पायरी काकूंच्या कमरेच्या जरा वर येते आणि सर्वांत खालची गुडघ्याच्या वर, त्यामुळे वाकावे लागत नाही.

वजनाचा मुद्दा मी येथे थोडा सविस्तर सांगतो, कारण गच्चीवरच्या बागेच्या उत्साहात तो हमखास विसरला जातो. सहा क्रेटमध्ये मिळून, तळाच्या विटांच्या तुकड्यांसह, सुमारे २१५ लिटर भरण मावते. ओल्या अवस्थेत या भरणाचे वजन लिटरला साधारण १.१ किलो भरले, म्हणजे जवळजवळ २४० किलो. त्यात पिंपाचे पाणी आणि चौकट धरली तर एकूण भार ३०० किलोच्या घरात जातो, आणि हा भार सव्वा चौरस मीटर जागेवर येतो. ये-जा असलेल्या छतासाठी भारतीय मानक संकेतात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो इतका भार गृहीत धरलेला असतो. म्हणून आम्ही चौकटीचे पाय स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खालच्या मजल्याच्या भिंतीवर येतील असे घेतले, आणि त्याआधी घर बांधणाऱ्या अभियंत्याकडून भिंतीची रेषा खात्री करून घेतली. निव्वळ मातीने भरलेली मांडणी यापेक्षा बरीच जड झाली असती.

उन्हाळ्यात पाणी वरून ओतायचे नाही, तर प्रत्येक क्रेटच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या पीव्हीसी पाइपमधून थेट तळाच्या खळग्यात सोडायचे, असे ठरवले. तेथून ते मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून आपोआप वर चढते. पोकळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते. स्वच्छ काचेच्या नळीची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे १५ सेंटीमीटर चढते. खोल क्रेटसाठी आम्ही मदतीला वाती दिल्या. सुती दोरीच्या वाती पहिल्याच पावसाळ्यात कुजल्या, तेव्हा काकूंनी जुना स्वेटर उसवून त्याची अॅक्रिलिक लोकर दिली, आणि त्या वाती आजही काम करीत आहेत.

पहिल्या वर्षात काय बिघडले

ऑक्टोबरात मांडणी उभी राहिली तेव्हा पायऱ्या दक्षिणेकडे उतरत्या होत्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उतार तिकडेच हवा, असे आम्ही धरून चाललो होतो. पण खालच्या खोल क्रेटमधील टोमॅटो उंच वाढले आणि मागच्या, वरच्या पायऱ्यांवरील पालेभाजी त्यांच्या सावलीत गेली. पठारावरही खोल मातीत उंच झुडपे असतात, पण तेथे उथळ भाग चारही बाजूंना मोकळा असतो. आमच्याकडे एकच बाजू होती. डिसेंबरात क्रेट उतरवून चौकट फिरवली आणि उतार उत्तरेकडे केला, त्यामुळे बुटकी पिके दक्षिणेला आणि उंच पिके उत्तरेला आली. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की सावलीचा त्रास जाणवत नाही.

दुसरी चूक सांडव्याची होती. आम्ही जास्तीच्या पाण्यासाठी प्रत्येक क्रेटला बोटाएवढी तीन भोके पाडली होती. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ती कोकोपीट आणि मुळ्यांनी तुंबली, माती दोन दिवस पाण्याखाली राहिली आणि मेथी पूर्ण कुजली. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी, हा हिशेब आम्हाला ठाऊक होता. ५० मिलिमीटरच्या एका पावसात सहा क्रेटवर मिळून ५८ लिटर पाणी पडते, आणि खालच्या पायरीला स्वतःचे आणि वरच्या दोन्ही पायऱ्यांचे मिळून तिप्पट पाणी वाहून न्यावे लागते. तरीही तिन्ही पायऱ्यांना आम्ही सारखीच भोके दिली होती. विद्यार्थिनींनी कासची रेखाटने पुन्हा काढली तेव्हा त्यांत उत्तर होते. खळग्यातले पाणी भोकातून जात नाही, ते रुंद काठावरून पातळ पदर होऊन जाते, आणि पातळ पदर सहजासहजी तुंबत नाही. मग भोकांऐवजी वरच्या क्रेटला हातभर लांबीची अरुंद चीर, मधल्या पायरीला तशा दोन आणि खालच्या पायरीला तीन, असे केले. प्रत्येक चिरेच्या आत जाळी आणि विटांचा चुरा घातला. दुसऱ्या पावसाळ्यात एकही क्रेट तुंबला नाही.

तिसरी अडचण आरोग्याची होती आणि ती आम्ही आधी ओळखायला हवी होती. पिंपाचे झाकण सैल राहिल्यामुळे ऑगस्टमध्ये त्यात डासांच्या अळ्या आढळल्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात त्यांचे डास होतात. पठारावरच्या डबक्यांत बेडकाची पिले आणि पाणकीटक असतात. आम्ही डबके घेतले आणि त्यातले रहिवासी मागे ठेवले. काकांनी गप्पी मासे सोडण्याचे सुचवले होते, परंतु लहान पिंपातले पाणी उन्हाळ्यात तापते, म्हणून आम्ही बारीक जाळी आणि घट्ट झाकण यांचा मार्ग पत्करला. क्रेटच्या तळातले पाणी विटांच्या तुकड्यांखाली झाकलेले असल्याने तेथे हा प्रश्न आला नाही.

याच पिंपाने एक लाभही दिला. पावसाळ्याच्या अखेरीस वरच्या उथळ क्रेटमधील पाने पिवळी पडू लागली, कारण पोषक द्रव्ये पाण्याबरोबर खाली वाहून गेली होती. कासच्या मातीतही हेच घडते. तेथील नत्राची कमतरता सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून भरून काढतात. आम्ही पिंपातले तपकिरी पाणी तांब्याने पुन्हा वरच्या पायरीवर घालायला सुरुवात केली, आणि वरच्या पायरीवर मेथी आलटून-पालटून घेतली, कारण मेथी कडधान्यांप्रमाणे शेंगवर्गीय असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात.

एक प्रयत्न फसला तो मात्र कोणत्याही दुरुस्तीविना सोडून दिला. निवडुंगाच्या खोडावरच्या उभ्या कडा एकमेकींवर सावली धरतात, म्हणून कुंभाराकडून तशा पन्हळीदार मातीच्या फरश्या करून आम्ही पश्चिमेकडच्या बाजूला लावल्या. दुपारी तीन वाजता मोजलेल्या मातीच्या तापमानात काहीच लक्षणीय फरक पडला नाही. तेथे नुसते ओले गोणपाट टांगल्याने फरक पडला, कारण पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेते.

येथे एक विषयांतर करतो. झिंबाब्वेतील हरारे येथील ईस्टगेट सेंटर ही वास्तुविशारद मिक पिअर्स यांची १९९६ मध्ये पूर्ण झालेली इमारत वारुळावरून प्रेरणा घेतलेली म्हणून सर्वत्र सांगितली जाते, आणि ती वातानुकूलनावर अत्यल्प ऊर्जा खर्चून खरोखरच थंड राहते. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोर यांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की वारूळ धुरांड्यासारखे चालत नाही, बाहेरच्या बदलत्या वाऱ्याच्या आधारे ते फुप्फुसासारखी वायूंची देवाणघेवाण करते. इमारत यशस्वी झाली, पण ज्या समजुतीवरून ती सुचली ती अपुरी होती. त्यामुळे आमच्या निवडुंगाच्या फसलेल्या फरश्यांचे मला वाईट वाटत नाही, आणि जी गोष्ट जमली तिच्यामागे पठाराचे पूर्ण सत्य आहे असेही मी म्हणत नाही. मोजून पाहिले तेवढेच लिहिले आहे.

वायतुरा आणि उन्हाळ्याची सुट्टी

कासच्या डबक्यांत वायतुरा नावाची पाणवनस्पती असते. तिचे शास्त्रीय नाव अपोनोजेटन साटारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचेच नाव तिला मिळाले आहे. तिचा तुरा दोन शाखांत फुटलेला असतो. पावसाळा संपला आणि डबके आटले की पाने नाहीशी होतात आणि चिखलाखाली राहतो तो फक्त कंद. दीपकाडी आणि जमिनीवर वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड) यांचेही असेच आहे. उथळ मातीतल्या एकवर्षायू वनस्पती तर बीज मागे ठेवून निघूनच जातात. फेब्रुवारी ते मे या काळात पठार ओसाड दिसते. ते मेलेले नसते, त्याने आपली गरज जवळजवळ शून्यावर आणलेली असते.

आमच्या सगळ्या विचारात हेच सर्वांत अवघड वळण होते. बाराही महिने ताजी भाजी, हे गच्चीवरच्या प्रत्येक यंत्राचे आश्वासन असते, आणि आम्हीही नकळत तेच धरून बसलो होतो. उन्हाळ्यात पाणी कसे पुरवायचे यावर आम्ही महिने घालवले. मागणीच कमी करावी, हा विचार आम्हाला पठाराने दिला. सहाही क्रेट बारा महिने हिरवे ठेवण्याऐवजी मार्च ते मे फक्त खालचे दोन खोल क्रेट चालू ठेवायचे, त्यांत मिरची आणि पुदिना घ्यायचा, वर निम्मी सावली देणारी शेडनेट लावायची, आणि बाकी चार क्रेटना सुट्टी द्यायची. मधल्या दोन क्रेटमध्ये अळू आणि हळद लावली, कारण त्यांचे कंद हा कोरडा काळ झोपून काढतात. १८ सेंटीमीटर मातीत हळद फारशी भरत नाही हे आम्हाला आधीच माहीत होते. वरचे दोन उथळ क्रेट मेथी-कोथिंबीर निघाल्यावर रिकामे ठेवायचे. तसेही एप्रिलच्या उन्हात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलोऱ्यावर येते.

काकूंना हे पटेना. रिकामे क्रेट बघून त्यांना अपराधी वाटत असे. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला न सांगता मधल्या क्रेटना रोज तांब्याभर पाणी दिले. एप्रिलमध्ये अळूला कोवळी पाने फुटली आणि काकू आनंदल्या, परंतु मेच्या उन्हात ती करपली, पुन्हा फुटली, पुन्हा करपली, आणि जूनमध्ये खरा पाऊस आला तेव्हा कंदात नव्या पानांसाठी काही शिल्लक राहिलेले नव्हते. जे वायतुरा टाळतो ते आमच्या अळूकडून आम्ही करवून घेतले होते. काकूंना मी काही बोललो नाही, कारण तहानलेल्याला पाणी द्यावे ही त्यांची वृत्ती चुकीची नव्हती.

त्यांची समजूत काढली ती काकांनी. "रान तापल्याशिवाय पिकत नाही," ते म्हणाले. "आमच्याकडं उन्हाळ्यात नांगरून ढेकळं तशीच ठेवतात. तुझ्या क्रेटलाबी तापू दे की." त्यांच्या या बोलण्याने रचनेतही एक बदल झाला. मी सगळ्याच रिकाम्या क्रेटवर उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले होते. काकांचे म्हणणे होते की माती उघडी तापली पाहिजे, म्हणजे बुरशी आणि किडीची अंडी मरतात. दोघांचेही बरोबर होते, पण वेगवेगळ्या क्रेटसाठी. ज्यांत फक्त पुढच्या हंगामाची पेरणी व्हायची आहे ते वरचे उथळ क्रेट उघडे तापू दिले, आणि ज्यांत कंद झोपलेले आहेत त्या मधल्या क्रेटवर पाचट जाड अंथरले. पुढच्या जूनमध्ये अळूने दहा-बारा दिवसांत मोठी पाने काढली. त्या घरची श्रावणातली अळूवडी त्या वर्षी गच्चीवरच्या पानांची झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यातला पाण्याचा वापर रोज ३ ते ४ लिटरवर स्थिरावला. पहिल्या २५ लिटरशी त्याची थेट तुलना करणे योग्य होणार नाही, कारण तेव्हा वीस कुंड्या होत्या आणि आता दोन क्रेट हिरवे होते. परंतु काकूंच्या दृष्टीने मोजायची गोष्ट वेगळी होती. पूर्वी मे महिन्यात त्या पाणी घालत आणि झाडे मरत, आता जेवढे घालत तेवढे जगत होते.

उत्पन्नाचे आकडे काकूंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिले आहेत. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत मेथी, पालक, कोथिंबीर आणि शेपू मिळून साडेसहा किलो, टोमॅटो चार किलो, मिरची घरापुरती. पाच माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा पालेभाजी आणि रोजच्या फोडणीपुरती कोथिंबीर, एवढेच त्यातून भागते. मंडईत जाणे चुकलेले नाही. सव्वा चौरस मीटरमधून कुटुंबाचे पोट भरेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

चौकट, क्रेट आणि जाळी यांचा खर्च फारसा नाही, आणि सगळे सामान साताऱ्यातच मिळाले. वेळ मात्र पुष्कळ लागला, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग नुसते पाहण्यात गेला. वाती, चिरा आणि जाळी वर्षातून एकदा, मे महिन्याच्या अखेरीस, उघडून साफ कराव्या लागतात. हे काम काकूंना एकट्याने जमत नाही, नात मदत करते.

या वर्षी काकांच्या नात्यातील एका कुटुंबाने माण तालुक्यातील म्हसवडला अशीच मांडणी करून मागितली आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. म्हणून हीच चौकट तेथे नेऊन ठेवण्यास आम्ही नकार दिला आहे. तेथे पाणी सांडण्याचा प्रश्न क्वचितच येईल, आणि येईल तेव्हा ते एखाद्या सरीपुरते असेल. कास पठार त्या गच्चीचा गुरू होऊ शकत नाही. गेल्या महिन्यात विद्यार्थिनी माणगंगेच्या काठापासून थोड्या अंतरावरील एका माळावर दोन दिवस बसून आल्या. त्यांच्या वहीत सध्या तीन पाने आहेत : बाभळीखालच्या सावलीतले आणि उन्हातले गवत यांतला फरक, मुंग्यांच्या बिळाभोवती उगवलेली रोपे, आणि दगडाच्या उत्तरेकडच्या बाजूला टिकून राहिलेली ओल. पाऊस पडल्यावर त्या पुन्हा जाणार आहेत.